सिन्नरचा गोंदेश्वर आणि आसपासची देवळे: दोन दिवसांत फोटो कसे काढावेत?

चौघे_पुणेकर

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आम्ही चार मित्र पुण्याहून सिन्नरला निघतोय. गोंदेश्वर नक्की आहे. बाकी यादीत ऐश्वर मंदिर, अंजनेरीची पडकी देवळे, टाहाकारी, रतनवाडीचा अमृतेश्वर आणि मालेगावपुढचे झोडगे एवढे सगळे आहे. सामान असे: एक डीएसएलआर (१८-५५ आणि ५० मिमी), एक फुल फ्रेम मिररलेस (२४-१०५) आणि दोन फोन. गाडी एकच.

अडचणी चार आहेत.

१. दोन दिवसांत यातले काय जमेल?
२. काळ्या दगडाचे फोटो एक तर राखाडी आणि मरगळलेले येतात, नाहीतर आकाश चांगले येते आणि देऊळ कोळशासारखे. नेमके चुकते कुठे?
३. सभामंडपातले छत अंधारात कसे टिपायचे? तिपाई चालते का?
४. नुसते सुंदर फोटो नकोत. पुढे कुणा अभ्यासकाच्या उपयोगी पडावेत असे काढायचे आहेत.

पाथरवट

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकाशात शोधू नका, सूर्यात शोधा.

गोंदेश्वर पूर्वाभिमुख पंचायतन आहे. मधे मोठे शिवमंदिर, समोर नंदीमंडप आणि चार कोपऱ्यांत चार छोटी देवळे. सिन्नरचा अक्षांश सुमारे १९.८५ उत्तर. डिसेंबरात सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. मावळताना पश्चिमेपासून तेवढाच दक्षिणेला. भर दुपारीसुद्धा तो जेमतेम ४७ अंश वर चढतो, तोही दक्षिणेकडूनच.

याचा अर्थ दिवसभर ऊन दक्षिण भिंतीवर. सकाळच्या पहिल्या तासात ते भिंतीला घासून, २५-३० अंशांनी तिरके येते आणि कोरीवकामाचा उठाव तेव्हाच दिसतो. दुपारी साडेचारनंतर हाच खेळ उलट्या बाजूने होतो. सूर्य उगवला की सगळे दर्शनी बाजूकडे धावतात, पण त्या वेळी पूर्वेकडच्या अंगावर ऊन जवळजवळ समोरून पडते. रंग छान सोनेरी येतो, खोली मात्र नाहीशी होते. एक आठवणीचा फोटो दर्शनी बाजूचा काढा आणि लगेच दक्षिणेकडे वळा.

उत्तर भिंतीवर त्या दोन दिवसांत सूर्याचा एकही किरण पडणार नाही, आणि मकरप्रणाल, म्हणजे गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी मगरमुखी पन्हळ, नेमकी उत्तरेला. तिच्यासाठी उन्हाची वाट बघत बसू नका. सावलीतच काढायची आहे हे धरून चला. सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान काढा, तेव्हा समोरच्या उन्हातल्या जमिनीवरून परावर्तित उजेड भिंतीवर येतो. दोघांनी पांढरी चादर ताणून जमिनीलगत उन्हात धरली तर खालच्या थरांवर आणखी मऊ उजेड मिळतो. उत्तर भिंतीवर खरे तिरके ऊन हवे असेल तर मे महिन्याची पहाट. तेव्हा सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो.

डिसेंबरच्या मध्याला तिथे सूर्योदय सातच्या सुमारास, सूर्यास्त सहाच्या थोडा आधी. पुण्याहून सिन्नर सुमारे १८० किमी. चाकण, नारायणगाव, संगमनेर धरून चार-साडेचार तास लागतात. शनिवारी पहाटे निघालात तर महत्त्वाचा तास संगमनेरच्या आसपास गाडीत जाईल. शुक्रवारी रात्रीच सिन्नर किंवा नाशिक गाठा.

काळा_बसाल्ट

दुसऱ्या प्रश्नावर. तुम्ही जे दोन प्रकार लिहिलेत त्या दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्यांचे उपाय उलटे आहेत.

फ्रेममध्ये फक्त दगड असतो तेव्हा कॅमेरा त्याला मध्यम करडा समजून उजळ करतो. आपला दगड प्रत्यक्षात त्याहून बराच गडद असतो, म्हणून फोटो राखाडी, पिठूळ दिसतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे ०.७ ते उणे १ ठेवा.

शिखर आणि आकाश एकत्र असले की उलटे होते. आकाशाच्या उजेडाला घाबरून कॅमेरा सगळेच गडद करतो. एकच फोटो काढायचा असेल तर आकाश किंचित फुटेल (पांढरे पडेल) एवढे अधिक ०.७ द्या, किंवा तीन फोटोंचे ब्रॅकेटिंग करा: उणे २, शून्य, अधिक २. फोनवर दगडाला बोट लावून एक्स्पोजर लॉक करायचे आणि पट्टी थोडी खाली ओढायची. फोनचा आपोआप एचडीआर काळ्या दगडाला एक प्लास्टिकसारखी झळाळी देतो. नोंदीच्या फोटोंसाठी तो बंद ठेवता येत असेल तर ठेवा.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. सावलीतला बसाल्ट निळसर येतो, कारण त्याच्यावर पडणारा उजेड निळ्या आकाशाचाच असतो. प्रत्येक बाजूला सुरुवात करताना एक फोटो राखाडी कार्ड धरून काढा म्हणजे घरी रंग जुळवताना भांडणे होत नाहीत. कार्ड नसेल तर व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर ठेवा.

पूजेतल्या मूर्तींवर तेल-शेंदराची चकाकी असते. त्यावर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर. दगडाच्या अगदी समोरून साधारण ५५ अंश बाजूला सरकून बघत फिल्टर फिरवला की चकाकी बरीच उतरते. अगदी समोरून मात्र तो निरुपयोगी. शिवाय दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), गाभाऱ्याजवळ हे लक्षात असू द्या.

आणि शिखर मागे पडल्यासारखे दिसते ती तक्रार तुम्ही लिहिली नाहीत, पण येणार. कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. भूमिज शिखरात चारही बाजूंना लतांचे उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये कूटांच्या, म्हणजे छोट्या शिखरांच्या, रांगा असतात. त्यांचे प्रमाण बिघडले की शिखराची ओळखच जाते. कॅमेरा उभा धरून पूर्ण समतल ठेवा आणि मागे सरका. हिशोब सोपा आहे: डोळ्याच्या पातळीच्या वर देऊळ १५ मीटर असेल तर फुल फ्रेमवर २४ मिमीला २० मीटर मागे जावे लागते, ३५ मिमीला २९ मीटर, तुमच्या डीएसएलआरवर १८ मिमीला २३ मीटर. खालच्या अर्ध्या फ्रेममध्ये नुसती जमीन येईल, ती नंतर कापा.

वितान

छताबद्दल.

केंद्रीय संरक्षित स्मारकात हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सहसा कुणी हरकत घेत नाही. तिपाईला मात्र पुरातत्त्व खात्याची आधी घेतलेली परवानगी लागते. ती आयत्या वेळी तिथल्या पहारेकऱ्याकडे मागून त्याला अडचणीत आणू नका. ड्रोनचा विषयच काढू नका. एक तर स्मारक, त्यात देवळालीचा लष्करी टापू जवळ.

छतासाठी तिपाई लागतही नाही. कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवायचा, भिंग वर. डीएसएलआरचा नेत्रभाग मागे बाहेर आलेला असतो, म्हणून तो सपाट बसत नाही. खाली तांदूळ किंवा मूग भरलेली अर्ध्या किलोची कापडी पिशवी ठेवा आणि तिच्यात तो दाबून बसवा. नेत्रभागातून आत शिरणारा उजेडही त्यानेच अडतो. वितानाचा, म्हणजे कोरीव छताचा, मध्य जमिनीवर कसा शोधायचा? चारही खांबांच्या तळखड्यांना कर्णरेषेत दोन दोऱ्या धरा, जिथे छेदतील तिथे भिंग. बरेचदा रंगशिळेचा, म्हणजे सभामंडपाच्या मधल्या शिळेचा, मध्य तोच असतो.

सेटिंग: एफ ८, आयएसओ १०० किंवा २००, वेळ २ ते १० सेकंद, १० सेकंदांचा टायमर. फोकस आधी विजेरीच्या उजेडात छताच्या कडेवर धरून मग मॅन्युअलवर टाका. मध्यावरचे लोंबते कमळ आणि कडा यांच्या उंचीत बराच फरक असतो, एफ २.८ ला दोन्ही एकदम स्पष्ट येणार नाहीत. छत ४ मीटर उंच असेल तर तुमच्या डीएसएलआरवर १८ मिमीला अरुंद बाजूने सुमारे साडेतीन मीटर छत मावते.

बिघडते ते इथे: गळ्यातला पट्टा भिंगावर येतो, तो पिशवीखाली खोचा. टायमर सुरू झाल्यावर चौघेही कडेला बसा, कारण रुंद भिंगात कोपऱ्यात डोकी येतात. आणि दारातून कुणी आत आले की तेवढ्या सेकंदांत उजेड बदलतो, फोटो पुन्हा काढावा लागतो. लोक दर्शनाला येतात, ते देऊळ त्यांचे आहे. त्यांना थांबवायचे नाही, आपण उचलून बाजूला व्हायचे.

फ्लॅश नको. नियमाचे सोडा, समोरून आलेला उजेड कोरीवकाम चपटे करतो.

गजथर

चौथ्या प्रश्नासाठी सगळ्यात आधी एक किरकोळ वाटणारे काम: निघण्यापूर्वी चारही उपकरणांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवा. जुळली नाहीत तर चौघांनी एकाच घड्याळाचा फोटो काढून ठेवा. घरी आल्यावर बाराशे फोटो कालक्रमाने एकत्र लावता आले नाहीत तर बाकी सगळी शिस्त वाया.

प्रदक्षिणेच्या दिशेने फिरा. प्रत्येक बाजूला प्रथम वहीच्या पानावर ठळक लिहून त्याचा फोटो: ‘मुख्य मंदिर, दक्षिण’. मग पूर्ण बाजू. मग खालून वर: अधिष्ठान (जोते), जंघा (मूर्तींची भिंत), छज्जा, शिखर. मग प्रत्येक देवकोष्ठ, म्हणजे मूर्तीचा कोनाडा, डावीकडून उजवीकडे, कोष्ठ रिकामे असले तरी. लोक रिकामे कोष्ठ सोडतात आणि नंतर कुणालाच कळत नाही की तिथे मूर्ती नव्हती की फोटो नव्हता.

मूर्तीसाठी ५० मिमी किंवा त्याहून लांब भिंग. भिंगाची उंची मूर्तीच्या नाभीएवढी. खालून काढलेल्या मूर्तीची हनुवटी मोठी आणि मुकुट नाहीसा होतो. एक समोरून, दोन्ही बाजूंनी एकेक तिरका, मग प्रत्येक हातातले आयुध आणि पायाशी असलेले वाहन वेगळे. मूर्ती ओळखायला चेहऱ्यापेक्षा हात आणि पाय जास्त लागतात, आणि तुटलेला हात कुठून तुटला तेही लागते. १० सेंटिमीटरची पट्टी एका फोटोत असू दे, एका फोटोत नको. पट्टी मूर्तीला टेकवायची नाही, शेजारी धरायची.

शिलालेख किंवा झिजलेला वीरगळ असेल तर दिवसा उजेडात वाचता येईलच असे नाही. सावली करा (तीच पांढरी चादर दुमडून), एका मित्राला विजेरी दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, १०-१५ अंशांवर धरायला सांगा आणि कॅमेरा जागचा न हलवता डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो काढा. एका दिशेने न दिसलेले अक्षर दुसऱ्या दिशेने दिसते. खडू, पीठ, पाणी, तेल लावून अक्षरे उठवायची जुनी खोड कृपया नको. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. खडूची पूड सच्छिद्र दगडात बसली की निघत नाही, ते वेगळेच.

एक विनंती. अंजनेरीला शेताच्या बांधावर सुट्या मूर्ती दिसल्या तर फोटो जरूर काढा, पण जाहीर टाकताना जागेचे निर्देशांक काढून टाका. मूर्तिचोरांना वाटाड्या लागतोच.

आणि मथळ्यात ‘हेमाडपंती’ लिहू नका हो! हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र यादवांच्या दरबारातला. गोंदेश्वर त्याच्या आधीचा, साधारण बाराव्या शतकातला मानतात. ‘यादवकालीन, भूमिज शिखर’ एवढे पुरे.

सह्यवाट

यादीला कात्री लावायलाच हवी. झोडग्याचा माणकेश्वर सुरेख आहे, पण तो मालेगावपुढे धुळ्याच्या रस्त्यावर. तिकडे गेलात की एक अख्खा दिवस गेला. रतनवाडी भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या टोकाशी. अमृतेश्वराचा गाभारा दोन्ही बाजूंनी उघडा, शेजारी कोनाड्यांची पुष्करणी, त्यामुळे तिथे तासाभरात उरकत नाही. ही दोन्ही पुढच्या खेपेला.

शनिवार पूर्ण सिन्नरला द्या. सात ते साडेदहा गोंदेश्वर: दक्षिण बाजू, मग उपदेवळे. नंतर नाश्ता, आणि ऐश्वर मंदिर. त्याचे शिखर राहिलेले नाही, पण अंतराळावरचे, म्हणजे गाभाऱ्याआधीच्या छोट्या दालनावरचे, मकरतोरण (मगरींची कोरीव कमान) बघण्यासारखे आहे. तिथले काम आतले असल्यामुळे दुपारचे कडक ऊन आड येत नाही. दीडच्या सुमारास गोंदेश्वराची उत्तर बाजू आणि मकरप्रणाल, मग छते, आणि साडेचार ते सूर्यास्त पश्चिम व दक्षिण.

एकच देऊळ दोनदा कशाला, असे चौघांपैकी एक जण नक्की म्हणणार. त्याला सकाळचा आणि संध्याकाळचा दक्षिण भिंतीचा फोटो शेजारी ठेवून दाखवा. वेगळ्याच मूर्ती वाटतात.

सामानात जाड सुती मोजे प्रत्येकी दोन जोड घ्या. चपला बाहेर काढायच्या असतात आणि काळी फरशी अकरानंतर डिसेंबरातही चटके देते. सकाळी तीच बर्फासारखी. शिखराच्या खोबणीत आग्या मोहोळ आहे का हे पोचल्यावर आधी दुर्बिणीने किंवा लांब भिंगाने बघा. असेल तर त्या बाजूला अत्तर, उदबत्तीचा धूर, आरडाओरडा नको, आणि चादर फडफडवणे तर नकोच. चौघांनी भडक लाल-पिवळे टीशर्ट घालू नयेत. एकमेकांच्या फ्रेममध्ये येणे टळत नाही, निदान करड्या कपड्यात डोळ्यात खुपत नाही, आणि सावलीत जवळ उभे राहिलात तर दगडावर तुमच्या शर्टाचा रंग उतरत नाही.

चौघे_पुणेकर

सगळ्यांचे आभार. झोडगे आणि रतनवाडी यादीतून गेले. (ज्याने ‘दोनदा कशाला’ म्हणायचे होते त्याने म्हणून झाले आहे.) आता रविवार: अंजनेरी की टाहाकारी? आणि ढग आले तर?

सह्यवाट

परतीचा विचार करता टाहाकारी. सिन्नरहून ठाणगावमार्गे जाता येते आणि तिथून अकोले, संगमनेर करत पुण्याचा हमरस्ता धरता येतो. अंजनेरी नाशिकच्या पलीकडे, त्र्यंबक रस्त्याला सुमारे २० किमी. म्हणजे सिन्नरहून आधी उलट दिशेने पन्नासेक किलोमीटर आणि संध्याकाळी तेवढेच परत.

टाहाकारीचे जगदंबेचे देऊळ आढळा नदीकाठी आहे. तीन गाभारे, बाहेर सुरसुंदरींची रांग. शिखरे विटांची होती, ती गेली. पूजेतले देऊळ आहे, आतल्या देवीचा फोटो पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय नको.

पाथरवट

माझे मत उलटे. नोंदीचे काम मनापासून करायचे असेल तर अंजनेरीच. टाहाकारीची छायाचित्रे पुष्कळ आहेत. अंजनेरीच्या पायथ्याची देवळे, बहुतेक जैन, विखुरलेली आणि पडझडीची. तिथे शके १०६३, म्हणजे इ.स. ११४१-४२ चा सेऊणचंद्र यादवाच्या काळातला लेख आहे, चंद्रप्रभ तीर्थंकराच्या देवळाला दिलेल्या दानाचा. ढासळत्या भिंतीची आजची अवस्था नोंदवून ठेवणे याला दहा वर्षांनी जास्त किंमत येईल. मात्र पावसाळ्यानंतरचे गवत पूर्ण वाळलेले नसते: बूट, पूर्ण विजार आणि पाऊल टाकण्याआधी काठी आपटायची. सुट्या, कललेल्या दगडांवर चढायचे नाही, खालचा आधार गेलेला असतो. उशिरात उशिरा दोनला तिथून निघा.

काळा_बसाल्ट

ढग आले तर नशीबवान समजा. पातळ ढगात उत्तर-दक्षिण भेद राहत नाही, खोल कोष्ठांच्या आतपर्यंत उजेड जातो आणि आकाश व दगडातला फरकही कमी होतो. त्या दिवशी आधी उत्तर बाजू आणि सगळी देवकोष्ठे उरका, ब्रॅकेटिंग सोडून द्या, आयएसओ ४०० पर्यंत न्या. पांढरे आकाश मात्र फ्रेममध्ये कमीत कमी घ्या. उठाव हवा असलेल्या एखाद-दुसऱ्या शिल्पासाठी विजेरी बाजूने धरा, पुरते.

पाऊस झाला तर ओल्या दगडाचे नोंदीचे फोटो काढू नका. दगड गडद आणि चकचकीत होतो, डाग व भेगा लपतात. दोन-तीन तास वाळू द्या आणि तोवर आतली छते करा.

चौघे_पुणेकर

मतदान झाले, तीन विरुद्ध एक, अंजनेरी. तांदळाची पिशवी आणि आठ जोड मोजे यादीत चढले. राखाडी कार्ड मागवले आहे. फक्त एक राहिले: फोनवाल्या दोघांनी नेमके काय करायचे?

गजथर

एकाने वही, पट्टी आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागेचा कच्चा नकाशा सांभाळायचा, आणि फोनच्या मुख्य भिंगाने पूर्ण बाजूंचे फोटो काढायचे. अतिरुंद भिंग नको, कडा ताणते. दुसऱ्याने प्रत्येक उपदेवळाभोवती दोन-दोन पावलांवर थांबत फोटो घ्यायचे, मागच्या फोटोतला निदान ७० टक्के भाग पुढच्यात यायला हवा, एक फेरी छातीच्या उंचीवर आणि एक हात वर करून. झूम बदलायचे नाही, एक्स्पोजर लॉक. एका छोट्या देवळाला दीडशेच्या आसपास फोटो लागतात आणि त्यांतून घरी संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करता येते. ऊन-सावलीची रेषा फेरीच्या मधेच सरकली तर प्रतिकृतीवर डाग येतात, म्हणून एक देऊळ वीस मिनिटांत संपवा.

फोनची मेमरी शुक्रवारीच रिकामी करा. पॉवर बँक दोन.